नववीत कॉलेजची तयारी: काय करायचं आणि काय मुळीच नाही

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की सकाळी पेपर उघडताना आधी पत्रकं खाली पडतात. 'आठवी-नववी-दहावी फाउंडेशन', 'डॉक्टर व्हायचंय? आजच ठरवा', 'मोजक्याच जागा शिल्लक'. गुळगुळीत कागद, मागच्या वर्षीच्या पोरांचे पासपोर्ट फोटो आणि प्रत्येक फोटोखाली एक आकडा. त्याच आठवड्यात जिन्यात शेजारच्या काकू भेटतात. "नववीला गेला ना तुमचा? मग, लावलं का कुठे?" काय लावलं ते वेगळं विचारायची गरज नसते.

पूर्वी हा प्रश्न पुण्या-मुंबईत, फार तर लातुरात ऐकू यायचा. आता तो तालुक्याच्या गावीही पोचलाय. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यांपुरती होती. बाकी ठिकाणी आपल्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात, नाहीतर मामाच्या ओळखीने काम भागायचं. आता कटऑफ, पसंतीक्रम, पर्सेंटाइल हे शब्द सगळ्यांच्या घरात शिरलेत, आणि पालक घाबरलेत. घाबरलेला पालक नववीतच चेक फाडतो.

मी स्वतः गेल्या काही वर्षांत नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच मुलांचे फॉर्म भरून दिलेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. बारावीनंतर ज्यांची गाडी अडते, त्यातल्या बऱ्याच जणांची ती आठवी-नववीतल्या कशामुळे तरी अडलेली असते, आणि ते 'कशामुळे तरी' म्हणजे फाउंडेशन क्लास न लावणं हे क्वचितच असतं.

## आधी रस्ता बघू

दहावीनंतर तीन वाटा फुटतात. आयटीआय, म्हणजे हातातलं कौशल्य शिकवणारी संस्था. तिथल्या काही ट्रेडना तर आठवी पासही चालतं. दुसरी वाट पॉलिटेक्निकची: दहावीच्या मार्कांवर प्रवेश, तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि पुढे शिकायचं असेल तर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ही वाट लोक उगाच कमी लेखतात. वर्कशॉपमध्ये रमणाऱ्या मुलासाठी ती अकरावी-बारावीपेक्षा सरळ आहे.

तिसरी वाट अकरावी-बारावीची, आणि सगळा गोंधळ तिथेच आहे. कारण बारावीनंतरच्या बहुतेक मोठ्या कोर्सना बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतच नाही, वेगळी प्रवेश परीक्षा असते. डॉक्टरकीला 'नीट' ही परीक्षा. आयआयटी, एनआयटीला जेईई. राज्यातल्या इंजिनिअरिंग आणि फार्मसीला एमएचटी-सीईटी. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांना 2022 पासून सीयूईटी. कायदा, आर्किटेक्चर, डिझाइन, एनडीए यांच्या आणखी वेगळ्या. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. मात्र बऱ्याच ठिकाणी अजून बारावीच्या मार्कांवरच मिळतं.

पदवीचं रूपही बदललंय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि मध्येच थांबावं लागलं तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. नववीतल्या मुलाला आज यापेक्षा जास्त तपशील लागत नाही. तो कॉलेजात जाईपर्यंत त्यात आणखी चार बदल झालेले असतील.

## पर्सेंटाइल हे काय प्रकरण आहे?

पत्रकावर फोटोखाली '99.2' लिहिलेलं असतं आणि आजोबा म्हणतात, "बापरे, नव्याण्णव टक्के!" टक्के नाहीत ते.

शाळेच्या मैदानावर शंभर मुलं उंचीप्रमाणे ओळीत उभी करा. सुमितची उंची 152 सेंटीमीटर, हे त्याचं स्वतःचं माप. पण ओळीत 80 मुलं त्याच्याइतकी किंवा त्याच्याहून बुटकी निघाली, तर तो 80 पर्सेंटाइलवर. टक्के म्हणजे तुमची उंची, पर्सेंटाइल म्हणजे ओळीतली तुमची जागा. उंची तीच राहून जागा बदलू शकते, कारण शेजारी उंच पोरं येऊन उभी राहिली की तुम्ही मागे सरकता.

ही भानगड मुद्दाम केलेली नाही. जेईई आणि सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होतात. सोमवारचा पेपर सोपा आणि बुधवारचा अवघड निघाला, तर नुसत्या मार्कांची तुलना करणं बुधवारच्या मुलांवर अन्याय ठरेल. म्हणून प्रत्येक सत्रात तुमची जागा कुठे, ते मोजतात. नीटची परीक्षा सहसा एकाच दिवशी, एकाच पेपरवर झालेली आहे, त्यामुळे तिथे 720 पैकी मार्क आणि क्रमांक यांनाच महत्त्व.

नववीतल्या मुलासाठी यातला कामाचा भाग एवढाच, की दहावीचं बोर्ड 'तुला किती येतं' ते विचारतं, आणि या परीक्षा 'तुला इतरांपेक्षा किती जास्त येतं' ते विचारतात. दहावीला 2025 मध्ये राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला, आणि 211 मुलांना शंभर पैकी शंभर टक्के होते. पास होणं तिथे नियम आहे. पुढच्या परीक्षांत तसं नाही.

## नव्वद टक्क्यांच्या पदराआड

एक गुणपत्रिका समोर ठेवतो. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण अशा गुणपत्रिका मी दरवर्षी बघतो.

मराठी 93, संस्कृत 97, इंग्रजी 88, गणित 61, विज्ञान 86, सामाजिक शास्त्रे 94.

सहा विषयांचे मिळून 600 पैकी 519, म्हणजे साडेशहाऐंशी टक्के. पण राज्य मंडळाचा 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चा नियम आहे: सहांपैकी ज्या पाच विषयांत मार्क जास्त, तेवढेच धरायचे. गणिताचे 61 बाजूला पडले. उरलेले 458, तेही 500 पैकी. 91.6 टक्के! पेढे वाटले गेले, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरला, अकरावी सायन्सला चांगलं कॉलेज मिळालं, कारण तिथेही पाच विषयांचेच मार्क धरतात.

मग अकरावीचं फिजिक्स उघडलं. राज्य मंडळाच्या पुस्तकात पहिला धडा मोजमापांचा, आणि दुसराच गणिती पद्धतींचा: सदिश (व्हेक्टर), कलनाची (कॅल्क्युलसची) तोंडओळख. म्हणजे फिजिक्सच्या बाईंनी बलाचं नावही काढायच्या आत गणिताने गाठलं. दिवाळीपर्यंत मुलगी म्हणायला लागते, "मला फिजिक्स जमत नाही." तिला फिजिक्स चांगलं जमलं असतं, अडलेलं असतं ते गणित, आणि तेही अकरावीचं नव्हे. आठवीतले बैजिक राशींचे अवयव, नववीतलं गुणोत्तर-प्रमाण आणि नववीतच पहिल्यांदा भेटणारी त्रिकोणमिती, या तिघांपैकी काहीतरी कच्चं राहिलेलं असतं.

बेस्ट ऑफ फाइव्ह वाईट नाही. एखाद्या मुलाचा एक विषय खरंच हुकतो, त्याला तो सावरतो. पण तो पदरासारखा आहे, झाकतो. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर घरी बसून सहाही विषयांकडे पदर बाजूला करून एकदा बघा.

## "नववीतच कॉलेज? खेळू दे की पोराला!"

खेळू द्याच. मी सांगतोय त्याने खेळाचा वेळ जात नाही.

हे गणित जेवताना मुलाला घाला. एक गाडी निम्मं अंतर ताशी 40 किलोमीटरने गेली आणि उरलेलं निम्मं ताशी 60 ने. सरासरी वेग किती? दहातली आठ-नऊ पोरं, आणि बरेच बाबा, पटकन 50 म्हणतात. आता अंतर 120 किलोमीटर धरा. पहिल्या 60 ला दीड तास लागला, दुसऱ्या 60 ला एक तास. अडीच तासांत 120 किलोमीटर, म्हणजे ताशी 48. हळू जाताना वेळ जास्त गेला, म्हणून हळूचं वजन जास्त.

यात आठवीच्या पलीकडचं काही नाही. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, हे सूत्र पोरांना पाठ असतं. तरी चुकतं, कारण सूत्र कधी आणि का वापरायचं हा विचार करायची सवय नसते. प्रवेश परीक्षांमधले कितीतरी प्रश्न याच जातीचे असतात, फक्त पुढच्या धड्यांवरचे. ही सवय लागायला आठवड्यातून दोन-तीन अशी गणितं पुरतात. अट एकच: वीस मिनिटं स्वतः झगडायचं, मगच उत्तर बघायचं. नवनीतच्या गाइडमध्ये बघून 'हां, कळलं' म्हणणं आणि स्वतः सुटणं यांत फार फरक आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आणखी एक काम आहे आणि ते नववीतच सुरू करण्याजोगं आहे. अकरावी सायन्स जवळपास सगळीकडे इंग्रजीत शिकवतात. नववीच्या विज्ञानाचा पहिला धडा 'गतीचे नियम'. वहीचं पान मध्ये घडी घालून दोन रकाने करायचे. डावीकडे विस्थापन, उजवीकडे डिस्प्लेसमेंट. वेग, व्हेलॉसिटी. त्वरण, अ‍ॅक्सलरेशन. संवेग, मोमेंटम. दर धड्याला दहा-पंधरा शब्द. दोन वर्षांत एक वही भरते. माझ्या माहितीतल्या एका मुलीने अशी वही ठेवली होती, आणि अकरावीच्या पहिल्या महिन्यात वर्गातली निम्मी पोरं 'मोमेंटम म्हणजे काय गं?' म्हणून तिच्या बाकाशी यायची. धडा त्यांना येत होता, शब्द अडत होता. जेईईचा पहिला टप्पा (मेन) आणि नीट यांची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हेही बऱ्याच घरांना माहीत नसतं. पण अकरावीच्या वर्गातलं शिकवणं इंग्रजीतच कानावर पडणार, त्यामुळे वही ठेवावी.

## "मग फाउंडेशन लावायचं की नाही?"

फाउंडेशन म्हणजे जेईई-नीटच्या तयारीचा असा कोर्स, जो आठवी-नववीपासून सुरू होतो. शाळेचा अभ्यास थोडा आणि अकरावीचा काही भाग आधीच.

कोल्हापूर-कोकणाकडे भाताचा तरवा टाकतात, म्हणजे आधी वाफ्यात रोपं तयार करतात. रोप साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की उपटून चिखलात लावायचं. शेजाऱ्याने लवकर लावणी केली म्हणून दहा दिवसांचं कोवळं रोप उपटलंत, तर ते भरल्या चिखलात सहसा तग धरत नाही. उशीर केलात तर फुटवे कमी येतात. नववीच्या मुलाला अकरावीचं कलन शिकवणं ही कोवळ्या रोपाची लावणी आहे. काही रोपं तगतात, त्यांचेच फोटो पत्रकावर येतात.

गंमत म्हणजे सरकारचंही मत असंच आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटर्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 16 वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, प्रवेश दहावीची परीक्षा झाल्यावरच द्यावा, 'हमखास रँक'सारखी आश्वासनं देऊ नयेत आणि कोर्स मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असं लिहिलंय. या सूचना आहेत, अंमल राज्यांनी करायचा. त्यामुळे पत्रकं पडायची थांबलेली नाहीत. पण पुढच्या वेळी काउन्सेलर 'आजच बुकिंग करा' म्हणाला तर फी परतीचा नियम लेखी मागा. सूर लगेच बदलतो.

याचा अर्थ नववीत शिकवणीच लावू नये असा नाही. गणित कच्चं असेल आणि घरी कुणाला शिकवता येत नसेल, तर कोपऱ्यावरच्या ज्या बाई वीस पोरांना बसवून नववीचंच गणित नीट शिकवतात, त्यांच्याकडे जरूर पाठवा.

आणि ज्या मुलाला खरोखर गोडी आहे, शाळेचं गणित दोन दिवसांत संपवून जो 'पुढे काय' विचारतो? त्याला बारावीच्या घाण्याला जुंपण्यापेक्षा ऑलिम्पियाडकडे वळवावं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, देशातल्या विज्ञान ऑलिम्पियाडचं ते मुख्य ठिकाण. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट बघायला मिळतात. सहावी आणि नववीसाठी मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा असते, तिच्यात लेखीबरोबर प्रात्यक्षिक आणि कृतिप्रकल्पही असतो. इथे हरलेलं पोरही काहीतरी शिकून येतं.

## "त्याचं अजून काहीच ठरलेलं नाही हो"

बरंच आहे. चौदाव्या वर्षी ठरलेलं असतं ते बहुतेकदा बाबांचं असतं.

मध्य रेल्वेचा प्रवास आठवा. सीएसएमटीहून कर्जतची गाडी पकडा नाहीतर कसाऱ्याची, कल्याणपर्यंत रूळ एकाच दिशेने जातात. कल्याणला फाटा फुटतो. नववीतलं मूल साधारण ठाण्याला आहे. त्याने आत्ताच ठरवायला हवं असं काही नाही, फक्त कल्याण गेल्यावर जाग येऊ नये.

अकरावीचा विषयगट हे ते कल्याण. सायन्सला गणिताचा गट, जीवशास्त्राचा गट किंवा दोन्ही, असे पर्याय असतात. गणित सोडलं की इंजिनिअरिंग जवळपास गेलं. जीवशास्त्र नसेल तर नीटचं दार बंद होतं. आता बारावीनंतर तो विषय जादा म्हणून देता येतो, पण ते म्हणजे कर्जतहून उलटं कल्याणला येऊन कसाऱ्याची गाडी धरणं. पोचता येतं, दमछाक होते. कॉमर्सला तर हा फाटा लोकांना दिसतच नाही. तिथे 'गणित की सेक्रेटरीअल प्रॅक्टिस' अशी निवड येते आणि सोपं म्हणून दुसरं घेतलं जातं. पुढे त्याच मुलीला दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करावंसं वाटलं की कळतं, त्यासाठी सीयूईटीला गणित हवं.

म्हणून नियम साधा ठेवा: ठरलं नसेल तर गणित सोडू नका. सायन्समधून नंतर आर्ट्स-कॉमर्सकडे जाता येतं, उलट जवळपास येता येत नाही. पण केवळ या एका कारणासाठी इतिहासात जीव रमणाऱ्या मुलाला सायन्सला ढकलू नका. त्याला हवं असलेलं दार वेगळं आहे आणि ते आर्ट्समधून छान उघडतं.

एक दार मात्र दहावीच्या आतच ठोठवावं लागतं. लष्करात अधिकारी व्हायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट राज्यातल्या मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षं एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. त्यांच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात मूल दहावीत असतानाच येते, आणि दहावीनंतर चौकशी करणाऱ्यांना हळहळत परतावं लागतं.

## "क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात, नाहीतर हैदराबादला पाठवलं तर?"

इथे एक गोष्ट कुणीच सांगत नाही, आणि ती महाग पडते. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या, 15 टक्के देशपातळीवरच्या. महाराष्ट्राच्या कोट्यातून जागा हवी असेल तर सर्वसाधारण नियम असा, की इथला अधिवास हवा आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवी. केंद्र सरकारी नोकर, लष्करातले यांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत. बाकीच्यांनी बारावी राजस्थानातून दिली, तर मुलगा इचलकरंजीत जन्मलेला असला तरी त्या 85 टक्क्यांवरचा हक्क जातो. इंजिनिअरिंगचे नियम याहून सैल आहेत. सीमाभागातल्या, बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तर तिथे वेगळा प्रकारच आहे.

यातूनच 'डमी' कॉलेज निघालं: नाव इथल्या ज्युनिअर कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, हजेरी कागदावर. सरकारने 2018 मध्ये सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तरी हा प्रकार संपला नाही. यातली खरी मेख प्रॅक्टिकलला आणि बारावीच्या पेपरला कळते. आयआयटी-एनआयटीच्या जागेसाठी जेईईत कितीही वर आलात तरी बारावीत 75 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना 65), नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. वही कधी न लिहिलेलं पोर तिथे अडकतं.

## पैशाचं काय?

आठवीत मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा चुकवू नका. राज्यात ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. कित्येक शाळांत 'आपल्या पोरांना कुठलं जमतंय' म्हणून फॉर्मच भरत नाहीत. जाऊन मुख्याध्यापकांना विचारा.

दहावीनंतर इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना महाज्योती ही राज्य सरकारची संस्था जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते, टॅबसकट. आणि मुलींच्या बाबतीत तर जुलै 2024 चा शासन निर्णय घरोघरी माहीत असायला हवा: घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातली असेल, तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. "मुलीच्या इंजिनिअरिंगला कुठून आणू एवढे पैसे," असं म्हणून तिला नववीतच मनातून बी.ए.ला पाठवून दिलेले वडील मी पाहिलेत.

## आणि सगळ्यात कंटाळवाणं काम: दाखले

क्लासच्या पत्रकावर हे कधीच नसतं, कारण यात कुणाचा धंदा नाही. पण प्रवेशाच्या वेळी रडू आणणारं प्रकरण हेच.

काही कागद मुदतीचे असतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस. ते आधी काढून उपयोग नाही, नवीनच लागतात. जातीचा दाखला मात्र एकदाच काढायचा आणि तो नववीत काढायला हरकत नाही. त्याच्या पुढची पायरी जात पडताळणी: दाखला खरा आहे की नाही ते जिल्ह्याची समिती तपासते. सायन्सच्या मुलांचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत जातो, पण पुरावे शोधायला वेळ लागतो, आणि तोच आधी सुरू करायचा. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या. म्हणजे बाबांचा दाखला बहुधा पुरत नाही, आजोबांचा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या शाळेतून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. गेले नसतील तर तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल, जन्म-मृत्यूची नोंद. ती जुन्या मोडी लिपीत निघाली तर वाचणारा शोधा. हे सगळं मे महिन्याच्या सुट्टीत, गावी गेल्यावर, आंबे खाता खाता होण्यासारखं आहे. बारावीनंतर जुलैमध्ये, फेऱ्या चालू असताना, होण्यासारखं नाही.

पण त्याहीआधी नाव. मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये जसं आहे तसं दहावीच्या प्रमाणपत्रावर छापून येतं, आणि पुढे प्रत्येक परीक्षा त्याच्याशी जुळवून बघते. आता शाळेत 'अपार' हा विद्यार्थ्याचा 12 अंकी क्रमांक काढतात, तोही शाळेची नोंद आणि आधार जुळलं नाही की अडतो. मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की त्याच कामाला कित्येक पट चपला झिजतात.

माझ्या भाचीच्या वेळचं सांगतो. ताईने तिचे कागद माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले: जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड. आईचं नाव एकीकडे सुनीता, दुसरीकडे सुनिता, आणि तिसरीकडे लग्नाआधीचं, म्हणजे सुनंदा. जन्मतारीख आधारवर एका दिवसाने पुढे. भाची तेव्हा नववीत होती. शाळेच्या कारकुनांनी आधी "चालतं हो एवढं" म्हणून परत पाठवलं. ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. सहा महिने लागले. पुढे सीईटीच्या कागदपत्र तपासणीला खिडकीतल्या बाईंनी तिन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहिले, शिक्का मारला आणि "पुढचा" म्हणाल्या. आमच्या मागे उभा असलेला मुलगा सीईटीला भाचीपेक्षा बराच वर होता. त्याचे वडील खिडकीपाशी अर्धा तास समजावत होते की प्रकाशराव आणि प्रकाश हे एकच.